द्वादशीचा मेल

१६ नोव्हेंबर

आला! उजाडायच्या आत आला. "अप्पा, पारणं झालं. — सु." नेहमीचंच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पानात अगत्तीची म्हणजे हादग्याची भाजी, आवळ्याची पच्चडी, वाफाळता भात, सगळं वाढलेलं, आणि हे मात्र हात आवरून बसलेले. काल दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नाही, तरी घास उचलेनात. फोन वाजला तसा चष्मा चढवला, वाचलं, एका बोटाने "बरं" लिहून पाठवलं आणि मग जेवायला लागले.

चार वर्षं बाप-लेकीचं बोलणं ते एवढंच. महिन्यातून दोनदा. तिकडून दोन शब्द, इकडून एक. सुप्रजाने सूर्याशी लग्न केलं तेव्हापासून. सूर्याही आपल्यासारखा तंजावरी मराठीच, पण त्याचे पूर्वज तंजावरच्या दरबारातले आणि आमचे मठातले. यांच्या लेखी हे अंतर लंकेपेक्षा लांब! लग्नाला गेले नाहीत. मी गेले. पण सुप्रजाने एकादशी सोडली नाही. लहानपणापासून बापाबरोबर निर्जळ करायची, ती अजून करते, आणि द्वादशीला पारणं झालं की कळवते. तेवढा एक धागा राहिला आहे.

संध्याकाळी तुळशीचं लग्न. शेजारच्या सुब्बलक्ष्मीने विचारलं, "मामी, तुमची मुलगी आता कुठे?" म्हटलं, पाण्यात. ती हसली. मी थट्टा केलेली नव्हती.

२० नोव्हेंबर

सुप्रजाने फोटो पाठवलाय. सूर्या शिडाला ठिगळ लावतोय, दाढी वाढलेली, अंगात बनियन. जहाजावरचा इंजिनिअर होता हा माणूस! सिंगापुरातली दोन चांगल्या पगाराची कामं सोडून दोघांनी लंकावीला जुनी शिडाची बोट घेतली. लोक घर घेतात, यांनी शीड घेतलं. बोटीचं नाव 'पोन्नी'. हे म्हणाले, "भाताचे नांव बोटीस ठेवतात काय?" मी सांगितलं, कावेरीचंही नाव आहे ते. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात कावेरीचीच दारं उघडली-मिटली यांनी, ठाऊक कसं नसणार! पण बोलायला काहीतरी हवं.

सहा महिने झाले. या बेटावरून त्या बेटावर. नारळ, मासे (ती खात नाही, त्याला चालतात), निळं पाणी. आता मोठा टप्पा: फुकेतहून अंदमान. मध्ये काही नाही, पाणीच. पाच-सहा दिवस लागतील म्हणते. पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर विमानाने घरी येणार आहे. घरी! यांना सांगितलं. पंचांग चाळत बसले. नाही म्हणाले नाहीत, हे मी लिहून ठेवते.

२५ नोव्हेंबर

उद्या निघणार. आज व्यंकोबाराव आले होते दारासुरम्‌हून, स्कूटरवर, भिजत. सूर्याचे वडील, म्हणजे आमचे व्याही. रेशमाचा धंदा, आवाज असा की हळू बोलले तरी रस्त्यावर ऐकू जातं. सूर्या त्यांना एकुलता एक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. मी कापी दिली.

"अक्का, तुमच्या फोनांत तो ठिपका दिसतो ना? मज नीट दिसत नाही. दाखवा कीं."

दाखवला. नकाशावर केशरी ठिपका म्हणजे पोन्नी. सॅटेलाइटच्या यंत्रातून दर काही तासांनी तो पुढे सरकतो. त्याच यंत्रातून सुप्रजा मला दोन ओळी पाठवते. व्यंकोबारावांनी फोन दोन्ही हातांत धरला, देवाचा प्रसाद धरतात तसा. बिचारे!

व्यंकोबारावांना आणि मला सूर्याने बजावून ठेवलं आहे. सप्टेंबरात तो ठिपका दोन दिवस हलला नाही तेव्हा मी लंकावीच्या बंदरात फोन केला होता. पोलिसांची नाव यांच्या बोटीपाशी गेली, आणि हे दोघं नांगर टाकून निवांत झोपलेले. सुप्रजा माझ्यावर इतकी चिडली! "अम्मा, परत असं केलंस तर मी तुला ठिपका दाखवणारच नाही." सूर्या मात्र हसला. म्हणाला, "अत्तें, यंत्रें बिघडतात. ठिपका थांबला तर भिऊं नोका. सुप्रजाचा शब्द आला म्हणजे अस्के ठीक आहे, असे समजा." (अस्के म्हणजे सगळं, इथल्या मराठीत.)

व्यंकोबाराव गेल्यावर हे खोलीतून भिंतीला उद्देशून म्हणाले, "समुद्र ओलांडणे शास्त्रांत नाही." भिंत काय बोलणार? 

२६ नोव्हेंबर

निघाले. "वारा छान. अम्मा, आज डॉल्फिन दिसले!!"

२७ नोव्हेंबर

ठिपका बराच पश्चिमेला आला आहे. हिंदीच्या शिकवणीला आलेल्या पोरींना 'प्राथमिक' परीक्षेचा धडा देऊन मी नकाशाच बघत होते. एकीने विचारलं, "टीचर, गेम?" हो म्हटलं.

२८ नोव्हेंबर

दशमी. 

दुपारी सुप्रजाचा निरोप: "लाटा मोठ्या झाल्यात. शीड कमी केलंय. सूर्या म्हणतो रात्रीत ओसरेल. काळजी नको." मी लिहिलं, "जेवलीस का?" उत्तर नाही.

टीव्हीवर दाखवतायत, अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा. इथेही कालपासून पाऊस थांबत नाही. यांना निरोप वाचून दाखवला. "वाच परत" म्हणाले. परत वाचला.

२९ नोव्हेंबर

ठिपका थांबला आहे. काल संध्याकाळी जिथे होता तिथेच.

यंत्रें बिघडतात. यंत्रें बिघडतात. सकाळपासून हेच घोकतेय. शाळांना सुट्टी, शिकवणी नाही, हाताला काम नाही. मग पितळेची सगळी भांडी काढून चिंचेने घासली.

व्यंकोबारावांचा फोन. त्यांच्याकडे आज एकादशी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आज एकादशीच लिहिलंय. पण आमच्या मठाच्या पंचांगात उद्या! पहाटे दशमीचा वेध आहे, म्हणजे दशमी पहाटेपर्यंत उरलेली, म्हणून आम्हा वैष्णवांची एक दिवस पुढे. यांचं एकभुक्त, एकवेळचं जेवण, आज. असं वर्षातून एक-दोनदा होतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला याचं हसू यायचं. सोलापुरात वाढलेली मी, आमच्याकडे कॅलेंडर सांगेल ती एकादशी. सासूबाईंनी एकदा ताटावरून उठवलं होतं.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळीच व्यंकोबाराव दारात. डोळे लाल. "अक्का, मेल आला काय?" मला कळेना. मग कळलं. त्यांच्या हिशेबाने आज द्वादशी! सुप्रजा द्वादशीला बापाला कळवते हे सूर्याने त्यांना केव्हातरी सांगितलेलं. ठिपका थांबल्यापासून ते त्या मेलची वाट बघत होते, जसे आम्ही बघतोय. पण आमची आज एकादशी. मेल उद्याचा.

मी सांगितलं. ते पायरीवरच बसले. "मज इतके कळते, अक्का. पोरगी आणि पोरगा पाण्यांत आहेत. तिथी कोणाची कां असेना. मदत मागूंया. त्या लोकांस फोन करूंया."

तेवढ्यात हे बाहेर आले. चार वर्षांत पहिल्यांदा व्याह्यांसमोर उभे राहिले. निर्जळ, ओठ सुकलेले.

"आमची द्वादशी उद्यां. आज काय म्हणून घाबरतां? तिचा शब्द उद्यां येईल."

"नाही आला तर?"

"नाही आला तर मीच फोन करितों."

 व्यंकोबारावांच्या जागी मी असते तर भांडले असते. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "सेरी, बरे. उद्यां सकाळीं येतों." पावसात गेले.

मी फोन हातात घेतला. बचाव केंद्राचा नंबर सूर्यानेच लिहून दिलेला, फ्रिजवर चिकटवलाय. लावू की नको? सप्टेंबर आठवला. तिचा तो आवाज. आणि सगळं ठीक असेल आणि मी पुन्हा बोटी-विमानं पाठवली तर? घरी यायचं म्हणत होती, तेही रद्द करेल. यांचं आणि तिचं जे होऊ घातलंय त्यात मी माती कालवायची? बोटीवर संकटाची खूण पाठवणारं दुसरंही यंत्र आहे, ते वाजलं असतं तर केंद्रानेच आम्हाला फोन केला असता. म्हणजे संकट नाही. असं आमचं गणित.

फोन नाही केला. एक दिवस. एकच दिवस तर आहे.

१ डिसेंबर

आला!!!

"अप्पा, पारणं झालं. — सु."

आला, आला, आला. पान वाढलेलं, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, व्यंकोबाराव बाहेर पायरीवर (आत या म्हटलं तरी आले नाहीत), आणि फोन वाजला. यांनी वाचलं.  नुसता फोन माझ्याकडे धरला. मी ओरडले असेन, कारण व्यंकोबाराव चपलांसकट आत आले. सोवळं-ओवळं गेलं चुलीत! मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "त्यांसही पान वाढ."

दोघं शेजारी बसून जेवले. मी वाढत होते आणि रडत होते, आणि कोणी मला रडू नको म्हणालं नाही.

जेवता जेवता हे बोलायला लागले. इतकं मी यांना एका बैठकीत बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "अस्क्या देशाची द्वादशी काल होती. फोनांत पाहा, भिंतीवर पाहा, काल. आज कोणाची? आमचीच. समुद्रांत, वादळांत, ती पोर दशमीचा वेध पाहून उपास करिते. मेल आजच आला, काल नाही. कोण्या यंत्रास हे ठाऊक आहे? माझ्या लेकीसच." व्यंकोबाराव मान हलवत होते. "खरे आहे, खरे आहे." मठाच्या पंचांगाची पानं मे महिन्यात मीच फोटो काढून तिला पाठवली होती. तेव्हा वाटलं होतं, बोटीवर कुठे बघत बसणार आहे ही!

आज यांनी उत्तरात "बरं" लिहिलं नाही. बराच वेळ फोन घेऊन बसले होते. मग मला दाखवलं. "बरं. सुखरूप ये. दोघे या."

दोघे!

२ डिसेंबर

ठिपका तिथेच. यंत्र बिघडलंय, आता नक्की झालं. वारा पडला असेल, म्हणून उशीर. शिडाची बोट म्हणजे काही बस नव्हे. खोली झाडून घेतली, तिची गादी उन्हात टाकली. ऊन आहे आज.

यांनी बाजारातून चार केळफुलं आणली. तिला आवडतात. नासतील इतक्यात, म्हटलं. "नासोत."

३ डिसेंबर

पोचले असते तर फोन आला असता. काल दिवसभर मी हे वाक्य मनात येऊ दिलं नव्हतं.

व्यंकोबाराव गाडी घेऊन आले आणि मला म्हणाले, "अक्का, तिरुवलंचुळीस जाऊन येऊंया." हे शिवाच्या देवळात जात नाहीत. पण म्हणाले, "जा."

तिथला पांढरा विनायक समुद्राच्या फेसाचा. समुद्रमंथनाला बसताना देवांना विघ्नहर्त्याची आठवण राहिली नाही, सगळं फसायला लागलं, तेव्हा फेस गोळा करून केला म्हणतात. एवढासा आहे. त्याला पाण्याचा अभिषेक नाही. विरघळेल म्हणून नुसती कापराची पूड वाहतात. मी हात जोडले आणि मनात आलं, पाण्यातून झालेला आणि पाण्यालाच भितो. चांगला विचार नव्हे. पण आला.

परत येताना गाडी बाजूला घेऊन व्यंकोबारावांनी स्वतःच फोन लावला. हिंदी येत नाही, म्हणून मग मला दिला. बचाव केंद्रातला अधिकारी तरुण असावा, आवाज शांत. बोटीचं नाव, रंग, माणसं किती. शेवटचा ठिपका कधी? अठ्ठावीस. त्यानंतर काही संपर्क? मी सांगितलं, हो, एक तारखेला सकाळी मुलीचा मेल आला, सगळं ठीक होतं. त्याने दोनदा विचारलं. नक्की तिचाच? मी म्हटलं, नक्की. आमच्याशिवाय ती तारीख कोणाला ठाऊक नसते.

मग त्याने समजावलं. एक तारखेला ठीक होते म्हणजे अठ्ठावीसनंतर तीन दिवस बोट पश्चिमेलाच चालत राहिली. म्हणजे आता पोर्ट ब्लेअरच्या बऱ्यापैकी जवळ असणार. तिथे शोधतो. वादळाच्या जागी बघायची गरज नाही, ती लांब मागे राहिली. मला तेव्हा केवढा धीर आला!

४ डिसेंबर

अमावास्या. विमान गेलं होतं. काही दिसलं नाही. उद्या परत जाईल. व्यंकोबाराव आता घरी जातच नाहीत, तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, झोपतात. यांनी आपली घोंगडी दिली.

५ डिसेंबर

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी कीर्तीचा फोन. सुप्रजाची कॉलेजातली मैत्रीण, चेन्नईला असते, आपल्यातलीच. मे महिन्यात सुप्रजा तिच्याकडे आठवडाभर राहिली होती. कोणीतरी पोन्नीची बातमी तिला पाठवली, म्हणून घाबरून फोन केला. रडत होती. मला धीर द्यायला म्हणून बोलत होती पोर. तेच आठवतंय:

"मामी, ती परत येईल बघा. ती अप्पांस किती जपते, मज ठाऊक आहे. जाण्याआधीं माझ्याच घरीं बसून द्वादशीचे अस्के मेल लावून ठेवलीं तिणें. तुम्ही पाठविलेलें पंचांग समोर ठेवून, एकेक तारीख पाहून. मी म्हटलें, इतकें कशास? तर म्हणाली, समुद्रांत माझा एक दिवस चुकला तर अप्पा जेवणार नाहींत."

मी विचारलं, लावून ठेवलीं म्हणजे?

म्हणजे आधी लिहून, तारीख-वेळ घालून. तारीख आली की मेल आपोआप जातो. ती बोटीत असो, झोपलेली असो, कुठेही असो.

कुठेही असो.

मी फोन ठेवला. सोळा नोव्हेंबरचाही तसलाच. आधीचेही. एक डिसेंबरचाही. सहा महिने हे एका बोटाने उत्तर देत होते, आणि तिकडे त्या वेळी कोणी वाचतही नसेल. आणि मी बघायला नको होतं? ती यंत्रातून मला जे पाठवते त्या प्रत्येक निरोपाखाली जागेचा दुवा असतो. त्या मेलखाली नव्हता. पारणं झालं हे वाचून मी वेडी झाले, खाली बघितलंच नाही.

म्हणजे एक तारखेला ती ठीक होती हे आम्हाला कोणी सांगितलं? कोणीच नाही. अठ्ठावीसच्या दुपारनंतर आमच्याकडे काही नाही. आणि विमान पोर्ट ब्लेअरपाशी शोधतंय!! मी सांगितलं म्हणून!

यांना कसं सांगायचं? तिण्णैवर व्यंकोबारावांना पंचांग दाखवत बसले होते. पुढची एकादशी कधी, ते. मी समोर उभी राहिले. आडवळणाने बोलायला वेळ नव्हता. सांगून टाकलं. मेल तिने मेमध्येच लिहिले होते. कीर्तीने आत्ता सांगितलं.

व्यंकोबारावांना आधी कळलं. दोन्ही हात डोक्यावर गेले त्यांचे. यांना कळायला वेळ लागला, का कळूनही घ्यायचं नव्हतं. "अस्के मेल?" म्हणाले. अस्के, म्हटलं. "आणि मी जें लिहिलें? दोघे या म्हणून?"  मला त्या क्षणी सुप्रजाचा राग आला. पाण्यात असलेल्या माझ्या पोरीचा! मग तो राग गेला. बाप जेवणार नाही म्हणून तिने सहा महिन्यांच्या द्वादश्या मांडून ठेवल्या. यापेक्षा लेकीने काय करायचं असतं?

मी फोन लावायला लागले. यांनी हात पुढे केला. "मज दे."

सरकारी नोकरीतलं त्यांचं इंग्रजी मी फार वर्षांनी ऐकलं. सावकाश, एकेक शब्द. सांगितलं, एक तारखेचा तो निरोप माझ्या मुलीचा नाही. तो धरू नका. मीच खात्रीने तिचा म्हटलं होतं, माझी चूक झाली. (केंद्राला सांगितलं होतं मी, दोष त्यांनी स्वतःकडे घेतला.) अठ्ठावीस तारखेपासून मोजा, जिथे ठिपका थांबला तिथून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिथी न सांगता तारीख सांगितली. अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. हे म्हणाले, "हो. वादळ होतं तिथूनच. वारा आणि प्रवाह धरून बघा. आठवडा होत आला."

फोन ठेवला. व्यंकोबाराव रडत होते. मला वाटलं आता बोलतील: तुमच्या द्वादशीपायी, तुमच्या वेधापायी. तीस तारखेला मी म्हणत होतों. बोलले असते तर आम्ही कोणतं तोंड दाखवणार होतो? पण ते उठले आणि यांच्यासाठी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. हे प्याले. त्यांच्या हातचं.

६ डिसेंबर

नवीन जागी शोध सुरू. पूर्वेला, मग दक्षिणेला. लाटा अजून आहेत. अधिकारी म्हणाला, बोट बुडाली असली तरी तराफा असतो, त्यात थोडं पाणी असतं, माणसं तग धरतात. 'माणसं' म्हणाला. तो शब्द मी दिवसभर धरून आहे.

केळफुलं काळी पडली. टाकली नाहीत.

७ डिसेंबर

मघाशी फोन आला. विमानाला तराफा दिसला. वादळाच्या जागेपासून दक्षिणेला, फार लांब वाहत गेलेला. माणूस आहे. जिवंत. हात हलवतंय कोणीतरी.

एकच आहे.

बाई की पुरुष, ते वरून कळत नाही. जहाज पोचायला संध्याकाळ होईल.

हे आणि व्यंकोबाराव तिण्णैवर बसले आहेत, एकमेकांचा हात धरून.  मी देवापुढे गेले, हात जोडले, आणि काय मागायचं ते कळेना. तशीच परत आले.